लाल चिंधीच्या खुंट्या

धक्क्यावर त्याला सगळे शिट्टी म्हणत. तोंडावर शिट्टीसाहेब, पाठ वळली की नुसतं शिट्टी. खाकी शर्टावर दोरीने गळ्यात अडकवलेली ती पितळी शिट्टी हा माणूस झोपतानासुद्धा काढत नसेल, असं तिकीट-खिडकीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि खरं सांगायचं तर ते फारसं खोटं नव्हतं. नदीच्या त्या तुकड्याचा हा सरकारी राखणदार. काम काय, तर सुट्टीच्या दिवशी शहरातून येणाऱ्या माणसांना नदीवर मजा करू द्यायची आणि नदीला त्या माणसांपासून वाचवायचं. दोन्ही एकाच पगारात.

नियम त्याला तोंडपाठ. वाळू न्यायची नाही, ओलं लाकूड तोडायचं नाही, चूल पेटवायची ती आखून दिलेल्या जागीच, मोठ्याने गाणी लावायची नाहीत, गळाला छोटा मासा लागला तर परत सोडायचा, नावेत लाइफ जॅकेट हवंच, आणि राखणदाराची शिट्टी वाजल्याशिवाय एकही नाव धक्क्यावरून सुटायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला नदीवर घेऊन गेला. तिने हौसेने ओंजळभर शिंपले गोळा केले, तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, जिथून उचललेस तिथे ठेवून ये. तिने ठेवलेसुद्धा. हा किस्सा ती माहेरी हसून हसून सांगायची. मध्यंतरी तिचं माहेरी जाणंच बंद झालं, आणि ते का बंद झालं त्याचीच ही गोष्ट.

माहेर काही लांब नव्हतं, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. तिचा थोरला भाऊ नावाडी. सुट्टीच्या लोकांना नदीच्या मधोमध असलेल्या वाळूपट्ट्यावर न्यायचं, दिवसभर तिथे डुंबू द्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, हा त्याचा धंदा. धक्क्यावर त्याची नाव सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वच्छ. शिट्टी त्याला दादा म्हणायचा, तो शिट्टीला पाहुणे म्हणायचा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी पाहुणेच. हे स्थळही त्यानेच आणलेलं. घरच्यांनी नाक मुरडलं, मुलगा फार ताठ आहे म्हणाले, तेव्हा नावाडी म्हणाला होता, "ताठ आहे, पण खोटं बोलायचा नाही. एवढं एक मी लिहून देतो." त्या एका वाक्यावर लग्न जमलं होतं.

आता पक्ष्यांचं ऐका. उन्हं तापायला लागली की वाळूपट्ट्यावर सुरय येतात. पांढरेशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक. घरटं म्हणाल तर काही नाही. वाळूत पोटाने एक खळगा केला, त्यात अंडी घातली, झालं घर. अंडी अगदी वाळूच्या रंगाची, वर ठिपके. पाय पडला तरी पडल्याचं कळत नाही. म्हणून सरकारचा नियम असा, की त्या दिवसांत पट्ट्याचा वरचा अर्धा भाग दोर बांधून बंद करायचा. खालच्या अर्ध्यात माणसं, वरच्या अर्ध्यात पक्षी. दोर ओलांडला की दंड. त्यातून यंदा वरून नवीन परिपत्रक आलं होतं, प्रत्येक घरट्यापाशी खूण करा, म्हणजे मोजदाद करणाऱ्यांचा चुकून पाय पडणार नाही.

दुसरा एखादा असता तर चार काटक्या रोवून मोकळा झाला असता. शिट्टीने कसा केला असेल हा सोपस्कार? घरी बसून लाकडाच्या खुंट्या तासल्या. त्यांना पांढरा रंग दिला. बायकोची जुनी लाल चादर होती, ती मागून घेतली आणि तिच्या चिंध्या करून प्रत्येक खुंटीच्या टोकाला एकेक बांधली. ती म्हणाली, "पक्ष्यांच्या घरांना झेंडे लावताय की काय?" तो म्हणाला, "लांबून दिसायला हवं." रोज सकाळी खात्याची छोटी होडी वल्हवत तो पट्ट्यावर जायचा, नवीन घरटं दिसलं की त्याच्याजवळ खुंटी ठोकायचा, आणि मागे सरून बघायचा. वाळूवर ओळीने लाल चिंध्या फडफडायच्या. त्याला फार बरं वाटायचं.

आणि मग अंडी जायला लागली.

आज दिसलेली अंडी उद्या नाहीत. खळगा मोकळा, शेजारी खुंटी उभी. टरफलाचा तुकडासुद्धा नाही. कोल्हा असता तर पाय उमटले असते, साप असता तर नागमोडी रेघ दिसली असती. शिट्टीने वाळूवर डोकं टेकवून पाहिलं, काही नाही. टरफल नाही म्हणजे अंडं अख्खंच उचललं. अख्खं अंडं कोण उचलतं? हात असलेला माणूस. हे त्याच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. डोक्यावर कावळे ओरडत होते, पण कावळे कुठे नसतात? कावळ्याकडे कुणी बघतं का?

त्याच आठवड्यात धक्क्यावरून दुर्बिणीतून बघताना त्याला दिसलं, की एक माणूस दोर ओलांडून पलीकडे गेला, खाली वाकला आणि परत आला. दुर्बीण नीट लावली, तर नावाडी. नंतर कळलं, कुणाच्या तरी पोराची टोपी वाऱ्याने पलीकडे गेली होती, ती आणायला गेला होता. पण नंतर कळून काय उपयोग.

दिवस सुट्टीचा. धक्का माणसांनी फुललेला. नावाडी पट्ट्यावरून लोकांना घेऊन परत आला, नाव लावली, हात देऊन एकेकाला उतरवलं. शेवटी स्वतः उतरला, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. शिट्टीने शिट्टी फुंकली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"दादा, पिशवी दाखवा."

नावाडी आधी हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याने तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं.

"पाहुणे, काय असेल ते घरी बोलू."

"ड्यूटीवर मी कुणाचा पाहुणा नाही," शिट्टी म्हणाला. मोठ्याने म्हणाला. हे वाक्य त्याने मनात आधी घोळवलेलं होतं, ते कसं दिसेल हेही त्याने ठरवलेलं होतं, आणि पुढे कित्येक दिवस हेच त्याला सगळ्यात जास्त टोचलं. "दोर ओलांडलात तुम्ही. मी बघितलंय. अंडी चालली आहेत. डबा उघडा."

नावाड्याने उघडला नाही. नुसता उभा राहिला. मग शिट्टीने स्वतः पिशवीत हात घातला, डबा काढला, झाकण ओढलं. झाकण घट्ट होतं, हिसका बसला आणि आतली अंडी धक्क्याच्या फरशीवर घरंगळली. कोंबडीची, उकडलेली, सोललेली. सोबत कागदात मिठाची पुडी. नावाड्याला दुपारी जेवायला सवड झाली नव्हती, म्हणून राहिली होती.

 मग गर्दीतून एक जण म्हणाला, "साहेब, उबवायला ठेवा. पिल्लं निघाली की मोजा." आणि धक्का हसला. बायका हसल्या, पोरं हसली, तिकीट-खिडकीवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हसला.

इथे थांबता आलं असतं. माणूस आहे, चूक झाली, दादा माफ करा म्हटलं असतं तर नावाडीच हसून विसरला असता. पण लोक हसत होते ते शिट्टीला, आणि हे त्याला सहन झालं नाही. कान लाल झाले. खाली वाकून वाळूत माखलेली अंडी गोळा करणाऱ्या नावाड्याच्या डोक्यावर उभा राहून तो म्हणाला, "अंडी सापडली नाहीत, पण दोर ओलांडलाय. परवाना या हंगामापुरता बंद." आणि तसा अहवाल त्याने त्याच संध्याकाळी कचेरीत दिला. पक्ष्यांसाठी दिला असं तो स्वतःला सांगत राहिला. दिला होता हसणाऱ्यांसाठी.

नावाड्याने अंडी पुसून डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि तो घरी गेला.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाही. एवढंच म्हणाली, "दादाने नेली नाहीत अंडी," आणि त्यानंतर कामापुरतं बोलायला लागली. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, सगळं जिथल्या तिथे, पण घरात नुसती भांडी वाजायची. माहेरी तिने जाणं सोडलं. नवऱ्याने भावाची रोजी बंद केली, आता कुठल्या तोंडाने जायचं? नावाड्याने आपली नाव अंगणात उपडी घातली आणि दुसऱ्यांच्या नावांना डांबर फासायला जायला लागला. हंगामातच काय ती कमाई व्हायची, आणि हंगाम तर हातातून चालला होता.

शिट्टीला वाटलं, आता तरी अंडी राहतील. त्याने मॅडमना, म्हणजे त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांना सांगून सबंध वाळूपट्टाच लोकांना बंद करून घेतला. एकही नाव तिकडे फिरकणार नाही. बाकीचे नावाडी लोकांना पलीकडच्या काठावर न्यायला लागले. मग अंडी राहिली का? छे. पहिल्यापेक्षा वेगाने जायला लागली.

तेव्हा कुठे त्याला शंका आली. माणूस नाही, नाव नाही, आणि अंडी जातायत. एके दिवशी तो उजाडायच्या आत पट्ट्यावर गेला आणि वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगाआड पालथा पडून राहिला.

ऊन वर आलं. एक कावळा आला. आला तो थेट पहिल्या खुंटीवर बसला. लाल चिंधीवर पाय रोवून त्याने इकडेतिकडे बघितलं, खाली उडी मारली, सुरय किंचाळत अंगावर आले तरी त्याने दाद दिली नाही, एक अंडं चोचीत धरलं आणि अख्खं उचलून काठाकडे नेलं. परत आला. पुन्हा त्याच खुंटीवर. तिथलं संपलं तसा पुढच्या खुंटीवर. मग त्याच्या पुढच्या. त्याच्या मागून दुसरा कावळा आला, तोही तसाच. पोस्टमन पाट्या वाचत दारोदार जातो ना, तसे ते खुंट्या बघत चालले होते. शोधायची गरजच नव्हती. वाळूच्या रंगाची अंडी वाळूत दिसू नयेत अशी देवाने केलेली, आणि शिट्टीने प्रत्येकाच्या उशाशी लाल चिंधी लावून ठेवलेली.

तरी मन कबूल होईना. त्याने डोळ्याला दुर्बीण लावून पट्टा पुन्हा बघितला. त्याच्या अगदी नाकासमोर, लाकडाच्या ओंडक्याला लागून, एक सुरय शांत बसली होती. हे घरटं त्याच्या नजरेतून सुटलं होतं, म्हणून तिथे खुंटी नव्हती. कावळे तिच्यावरून दोनदा उडत गेले. कुणीही खाली बघितलं नाही. ती मात्र बसल्या जागेवरून मान वळवून याच्याकडे बघत होती.

शिट्टी लाकडाआड तसाच पडून राहिला. उठावंसंच वाटेना. त्याला डब्याचं झाकण आठवलं, फरशीवर घरंगळणारी अंडी आठवली, खाली वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून काढलेला आपला आवाज आठवला. लाजेने त्याचं अंग इतकं तापलं, की उन्हाने तापलंय की कशाने हे कळेना. एवढ्या मोकळ्या वाळूत त्याला बघणारं कुणी नव्हतं, तरी त्याने तोंड हातांत झाकून घेतलं.

मॅडम वाईट नव्हत्या. डोळे चुरचुरत असल्यासारख्या सारख्या चोळायच्या, टेबलावर कागदांची चळत, बाहेर माणसं ताटकळलेली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"खुंट्या काढून टाका," त्या म्हणाल्या. "आजच. गाजावाजा नको."

"आणि परिपत्रक?"

"परिपत्रक चुकलं असं मी वर कळवू? मग तुम्ही आणि मी, दोघं उत्तरं देत बसू."

"आणि नावाडी?"

"त्याने दोर ओलांडला होता ना? ते तर खरं आहे?"

"खरं आहे."

"मग झालं तर. हंगाम संपला की परवाना आपोआप मिळेल. कशाला उकरून काढताय? तुमच्या घरातलंच माणूस आहे, घरात मिटवा."

शिट्टीला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली ती नंतर. जिना उतरेपर्यंत नुसतं हायसंच होतं. त्याने होडी काढली, पट्ट्यावर जाऊन सगळ्या खुंट्या उपटल्या, चिंध्या सोडवल्या आणि पोत्यात भरून घराच्या माळ्यावर टाकल्या. बायकोने विचारलं, पोत्यात काय? तो म्हणाला, काही नाही, जुनं सामान. आयुष्यात तिच्याशी तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही किती सहज.

सुरयांनी पुन्हा अंडी घातली. गेलेल्या अंड्यांची रड न करता पुन्हा खळगे केले, पुन्हा बसल्या. ह्या वेळी कावळे वरून हेलपाटे घालत राहिले आणि त्यांना फारसं काही सापडलं नाही. यथावकाश पिल्लं निघाली. वाळूच्या रंगाची, कापसाच्या बोंडाएवढी. शिट्टी रोज लांबून बघायचा, पण त्याला मोकळेपणाने आनंद करता यायचा नाही.

कारण धक्क्यावर ह्याचा अर्थ भलताच लागला होता. तिकीट-खिडकीवाला लोकांना ऐकवायचा, "बघा, चोर बाजूला केला आणि पिल्लं निघाली." बाकीचे नावाडी, जे आधी दबक्या आवाजात आपल्या माणसाची बाजू घ्यायचे, तेही गप्प झाले. आणि मग कचेरीने धक्क्याच्या तोंडाशीच पाटी लावली: राखणदाराच्या कडक कारवाईमुळे यंदा पक्ष्यांची पिल्लं वाचली. खाली शिट्टीचा फोटो, गळ्यात शिट्टी. येणारी माणसं पाटीपाशी उभी राहून फोटो काढायची, काही त्याचा हात हातात घ्यायची. तो हात सोडवून घ्यायचा. लोकांना वाटायचं, काय साधा माणूस आहे.

गप्प बसलं की निदान सगळं आहे तिथे राहील, असं त्याने धरलं होतं. पण गप्प बसणं रोज काम करत होतं. प्रत्येक नवं पिल्लू नावाड्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं, आणि खरं काय ते ठाऊक असलेला माणूस पाटीखाली उभा राहून शिट्ट्या फुंकत होता.

एका दुपारी तो घरी आला, शर्ट काढत होता. बायको वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. ती आपणहून बोलली. कित्येक दिवसांनी असं कामावाचून बोलली.

"मी उगाच तुमच्याशी अबोला धरला."

तो थांबला. एक हात बाहीत, एक बाहेर.

"आज धक्क्यावरून आले. ती पाटी वाचली." ती घडीकडे बघत बोलत होती. "लहानपणापासून बघतेय मी त्याला, कुणाच्या झाडाचं फळ तोडायचा नाही तो. पण मोह झाला असेल. दिवस ओढाताणीचे होते, कुणीतरी मागितली असतील, दिली असतील याने. माझ्याच भावाने असं केलं आणि मी तुमच्याशी तोंड फिरवून बसले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

शिट्टीने तिला पूर्ण बोलू दिलं. मध्येच थांबवायला हवं होतं, पहिल्या वाक्यालाच थांबवायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. ती बोलून संपली, तेव्हा तो माळ्यावर चढला, पोतं खाली ओढलं आणि तिच्यासमोर उपडं केलं. खुंट्या फरशीवर खडखडल्या. तिच्याच चादरीच्या चिंध्या त्यांच्याबरोबर पडल्या.

त्याने सगळं सांगितलं. कावळे, खुंट्या, ओंडक्याजवळचं घरटं, मॅडम.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"पिल्लं निघायच्या आधी."

"म्हणजे पाटी लागली तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"आणि आत्ता मी माझ्या भावाला चोर म्हटलं. तुमच्या समोर बसून. तुम्ही ऐकून घेतलंत."

 ती रडली नाही. तिने हातातली घडी पूर्ण केली, बाकीच्या कपड्यांवर ठेवली आणि म्हणाली, "जा त्याच्याकडे. मी येत नाही. तुम्हाला निदान सांगायला काहीतरी आहे. मी काय सांगू?"

नावाडी अंगणात कुणाच्यातरी नावेच्या बुडाला डांबर फासत होता. शेजारी त्याची स्वतःची नाव उपडी, बुडावर पानं साचलेली. त्याची बायको दारात आली, शिट्टीला बघून आत गेली, पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला. "बसा" म्हणाली नाही. शिट्टी म्हणाला, "वहिनी, कशा आहात?" ती म्हणाली, "बघताच आहात." आणि आत गेली.

त्याने उभ्यानेच सांगितलं. घरी सांगितलं त्याहून हे सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. नावाड्याचा हात थांबला नाही. ब्रश वर जायचा, खाली यायचा.

"कळलं," तो म्हणाला.

"दादा, माझं चुकलं. मला माफ करा."

"अंगणात म्हणताय."

"अं?"

"डबा कुठे उघडला होतात?"

शिट्टी ओट्यावरच्या तांब्याकडे बघायला लागला.

"कुठे उघडला होतात, पाहुणे?"

"धक्क्यावर."

"मग इथे काय करताय?" नावाड्याने ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला. "तुमचं स्थळ आणलं तेव्हा घरात मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. नावाड्याने ते पुन्हा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी चाललं असतं. "जा आता," तो म्हणाला. "डांबर घट्ट होतंय."

दुसऱ्या दिवशी शिट्टीने कचेरीत जाऊन सगळं लेखी दिलं. मॅडम चिडल्या, डोळे चोळले, म्हणाल्या, तुमची इथून बदली झाली तर मला सांगायला येऊ नका. पण हाताला कागद लागल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. परवाना परत मिळाला. पाटी उतरवायला माणूस कधी येईल सांगता येत नाही, असं कारकून म्हणाला, तेव्हा शिट्टीने पाना आणून स्वतःच ती उतरवली आणि आपल्याच फोटोवर पाय देऊन शेवटचा बोल्ट काढला.

सुट्टीचा दिवस आला. धक्का पुन्हा फुललेला. नावाड्याची नाव रांगेत पहिली, ताजं पाणी मारलेली. शिट्टी धक्क्याच्या दगडी कठड्यावर चढला आणि त्याने शिट्टी फुंकली. सगळ्यांच्या माना वळल्या.

त्या माना बघितल्या आणि तो थबकला. एवढ्या दिवसांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ही ती माणसंच नव्हती. सुट्टीला येणारे लोक दर खेपेला नवे. त्या दिवशी जे हसले होते, ज्यांनी घरी जाऊन नावाड्याची गोष्ट रंगवून सांगितली असेल, ती माणसं आपापल्या शहरांत, आपापल्या घरांत. त्यांना आता कोण सांगणार? ओळखीचा असा तिकीट-खिडकीवाला तेवढा होता, आणि बाकीचे नावाडी.

तरी तो बोलला. म्हणाला, मी इथला राखणदार. ह्या माणसावर मी अंडी चोरल्याचा आळ घेतला. सगळ्यांसमोर त्याचा डबा उघडला. अंडी कावळ्यांनी नेली, आणि कावळ्यांना वाट मी दाखवली, माझ्या खुंट्यांनी. हे मला कळलं, त्यानंतरही मी गप्प बसलो. हा माणूस चोर नाही.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कसली अंडी? कुठला डबा? एका पोराने विचारलं, "हे काका का ओरडतायत?" त्याच्या आईने त्याला जवळ ओढलं. रांगेतली एक बाई अदबीनेच म्हणाली, "ते ठीक आहे हो, पण नाव सुटणार कधी?" कुणीतरी फिसकन हसलं. तिकीट-खिडकीवाला खिडकीत होता. तो हसला नाही, पैसे मोजल्यासारखं करत खाली बघत राहिला.

शिट्टी कठड्यावरून उतरला. लोक नावेत बसले, जॅकेटांचे पट्टे आवळले गेले. नावाडी सगळ्यात शेवटी. नावेत पाय टाकायच्या आधी तो शिट्टीसमोर उभा राहिला, पिशवीतून डबा काढला आणि पुढे धरला.

"बघून घ्या."

"नको, दादा."

"बघा. त्या दिवशी बघितला होतात तसा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर पेलला असता. शिट्टीने झाकण काढलं. ह्या वेळी हळू काढलं. उकडलेली अंडी, सोललेली, कडेला मिठाची पुडी. तो वाकून बघत राहिला, कारण बघायला सांगितलं होतं. नावेतले लोक त्याला बघत होते.

"आहे ना बरोबर?" नावाड्याने विचारलं.

"बरोबर आहे. जा तुम्ही."

नावाडी नावेत चढला, डबा पायाशी ठेवला, धक्क्याच्या कड्यातला दोर हातात धरला आणि थांबला.

"सोडा ना आता," नावेतून कुणीतरी म्हणालं.

"शिट्टी झाल्याशिवाय नाव सुटत नाही," नावाडी म्हणाला. "नियम आहे."

शिट्टीने शिट्टी ओठांना लावली. तोंडाला कोरड पडली होती, नुसती हवा फसफसली. पुन्हा फुंकली, पुन्हा तेच. नावेत हसू पसरलं. नावाडी हसला नाही आणि दोरही सोडला नाही, त्याच्याकडे बघत उभा राहिला. वर्षानुवर्षं जी वस्तू गळ्यात घालून हा माणूस मिरवला, तिच्यातून आवाज निघायला त्याला डोळे मिटावे लागले. निघाला तो बारीक, चिरका. पण निघाला.

दोर सुटला. नाव पाण्यावर गेली. बरीच लांब गेली तेव्हा शिट्टीच्या लक्षात आलं, की डब्याचं झाकण आपल्याच हातात राहिलंय.

पुढची नाव लागली, त्याने तिला शिट्टी दिली, तिच्या पुढचीलाही दिली. संध्याकाळी नावाडी परत येईपर्यंत ते झाकण त्याने दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. खिशात मावलं असतं, पण घातलं नाही.